बेव्हरिज आणि सामाजिक सुरक्षेचा हिशेब

सरकारी अहवाल ही वाचण्याची वस्तू आहे, असे सहसा कोणी मानत नाही. समिती नेमली जाते, अहवाल सादर होतो, सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो आणि तेथून कपाटात जातो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. परंतु डिसेंबर १९४२ च्या आरंभी लंडनमध्ये सरकारी प्रकाशनांच्या विक्रीकेंद्रापुढे लोकांनी रांग लावली ती अशाच एका अहवालासाठी. सुमारे तीनशे पानांचा, तक्त्यांनी आणि परिशिष्टांनी भरलेला, सामाजिक विमा व तत्संबंधी सेवा अशा रुक्ष नावाचा हा ग्रंथ. महायुद्ध ऐन भरात होते, एल अलामीनचा विजय मिळून महिनाही लोटला नव्हता, बाँबच्या खुणा शहराच्या अंगावर ताज्या होत्या. अशा वेळी मूळ अहवाल आणि त्याची संक्षिप्त आवृत्ती मिळून सहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आजारी पडल्यास, काम सुटल्यास, म्हातारपण आल्यास किंवा घरातील कर्ता माणूस गेल्यास आपल्या कुटुंबाचे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर त्या पानांत आहे, असे सामान्य माणसाला वाटले होते.

अहवालावर एकच सही होती : सर विल्यम बेव्हरिज. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचे जनक म्हणून हे नाव अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. परीक्षेत पाच गुणांची टीप लिहिण्यापुरती ओळखही असते. परंतु त्या टिपेमागचा माणूस, त्याचे आयुष्य आणि त्याच्या विचारातील गुंतागुंत यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः हा माणूस जन्माने आपल्याच भूमीवरचा होता, आणि त्याने मांडलेला प्रश्न आपल्यासाठी आजही सुटलेला नाही.

रंगपूर ते लंडनचा पूर्वभाग

बेव्हरिज यांचा जन्म ५ मार्च १८७९ रोजी त्या वेळच्या बंगाल प्रांतातील, आज बांगलादेशात असलेल्या, रंगपूर येथे झाला. वडील हेन्री बेव्हरिज हे सनदी सेवेतील न्यायाधीश. हिंदी लोकांच्या आकांक्षांविषयी त्यांना सहानुभूती होती आणि इल्बर्ट विधेयकाच्या वादात ते सरकारी सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. आई ॲनेट ॲक्रॉइड या केशवचंद्र सेन यांच्या इंग्लंडमधील व्याख्यानांनी प्रभावित होऊन १८७२ साली कलकत्त्यास आल्या आणि मुलींसाठी त्यांनी शाळा काढली. पुढे सेनांशी त्यांचे पटले नाही. इल्बर्ट विधेयकाला तर त्यांनी उघड विरोध केला. एकाच घरात दोन टोकांची मते नांदत होती. मात्र विद्याव्यासंग हा उभयतांचा समान धर्म होता. अकबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर हेन्रींनी केले आणि तुर्की शिकून बाबरनामा इंग्रजीत आणला तो ॲनेटबाईंनी. मूळ साधनांपर्यंत जाण्याचा हट्ट मुलाला अशा घरातून मिळाला असल्यास नवल नाही.

ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात गणित आणि अभिजात भाषा यांत त्यांनी उत्तम यश मिळविले. वकिलीची वाट समोर मोकळी होती. परंतु महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड केअर्ड आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असत की, इतक्या संपत्तीच्या देशात इतके दारिद्र्य का, हे शिक्षण संपल्यावर त्यांच्यापैकी कोणीतरी जाऊन शोधले पाहिजे. बेव्हरिज यांनी तो उपदेश शब्दशः घेतला. वडिलांना रुचले नाही तरी १९०३ साली ते लंडनच्या पूर्वभागातील टॉयन्बी हॉल या संस्थेत दाखल झाले. गोदी कामगारांची, हातावर पोट असणाऱ्यांची ती वस्ती होती. तेथे त्यांना भेटलेले सहकारी आर. एच. टॉनी पुढे त्यांचे मेहुणे झाले; तेही कलकत्त्यास जन्मलेले. पाठोपाठ बेव्हरिज यांनी मॉर्निंग पोस्ट या दैनिकात सामाजिक प्रश्नांवर अग्रलेख लिहिण्याचे काम पत्करले.

बेकारी : स्वभावदोष की व्यवस्थेचा दोष?

त्या काळी गरिबीविषयीची रूढ कल्पना सरळ होती. धडधाकट माणूस बेकार असेल तर तो आळशी असला पाहिजे, व्यसनी असला पाहिजे, निदान अदूरदर्शी तरी असला पाहिजे. १८३४ च्या दारिद्र्य कायद्याचा पाया हाच होता. मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये या, आणि तेथील जिणे बाहेरच्या हलक्यात हलक्या मजुराच्या जिण्याहूनही कष्टाचे राहील, अशी व्यवस्था त्या कायद्याने मुद्दाम केली होती.

बेव्हरिज गोदीच्या दारात उभे राहून पाहत होते ते निराळेच होते. प्रत्येक धक्क्यावरील ठेकेदार गर्दीच्या दिवसासाठी म्हणून आपापली माणसे हाताशी ठेवी. एका धक्क्यावर काम असे तेव्हा दुसऱ्यावर नसे. सर्व धक्क्यांचा मिळून विचार केला तर जेवढी माणसे खरोखर लागत त्यांहून कितीतरी अधिक माणसे रोज सकाळी दारात ताटकळत. यात कोणाच्या स्वभावाचा प्रश्न नव्हता. श्रमाच्या बाजाराची रचनाच सदोष होती. बाजाराला जर बाजार म्हणायचे तर खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ पडण्याची जागा हवी. १९०७ साली जर्मनीत जाऊन त्यांनी तेथील कामगार विनिमय केंद्रे आणि बिस्मार्कच्या काळापासूनची विमा पद्धती पाहिली. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बेकारीवरील ग्रंथाचे मुख्य प्रतिपाद्य हेच की, बेकारी हा उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे.

तोवर वेब दांपत्याच्या शिफारशीवरून विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना व्यापार मंडळात घेतले होते. १९०९ चा कामगार विनिमय कायदा आणि १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातील बेकारी विम्याचा भाग यांच्या घडणीत बेव्हरिज यांचा मोठा वाटा होता. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना हा विमा लागू झाला. कामगार आणि मालक यांनी दर आठवड्याला अडीच-अडीच पेन्स भरायचे, सरकारने आपली भर घालायची, आणि काम सुटल्यास वर्षातून पंधरा आठवड्यांपर्यंत सात शिलिंग मिळायचे. रक्कम अल्प होती. परंतु काम नसल्याबद्दल हात न पसरता, कार्ड दाखवून पैसे मागता येतात, ही गोष्ट नवी होती.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदवली पाहिजे. त्याच सुमारास, १९०६ साली, बेव्हरिज यांनी असेही लिहिले होते की, जे कोणत्याही उद्योगात सामावू शकत नाहीत त्यांना राज्याने पोसावे. मात्र त्यांनी नागरिकत्वाचे हक्क, एवढेच नव्हे तर पितृत्वाचाही हक्क, गमवावा. गरिबांचा कैवार घेणाऱ्याच्या मनातही गरिबांची प्रतवारी लावण्याची वृत्ती किती खोल असते, याचे हे उदाहरण आहे. पुढील छत्तीस वर्षांच्या प्रवासाचे मोल कळायचे असेल तर तो निघाला कोठून, हे विसरून चालत नाही.

संस्थाचालक आणि विद्वान

पहिल्या महायुद्धात शस्त्रसामग्री आणि अन्न या खात्यांत काम करून १९१९ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले आणि अठरा वर्षे त्या पदावर राहिले. संस्थेचा व्याप त्यांच्या काळात कितीतरी पटींनी वाढला. याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे आपले अर्थशास्त्राचे अध्ययन पूर्ण करून १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी संपादन केली. १९३३ साली हिटलरने ज्यू व विरोधी मतांच्या प्राध्यापकांना हाकलण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना आश्रय आणि काम मिळवून देणारी परिषद उभी करण्यात बेव्हरिज यांचा पुढाकार होता.

मात्र सहकाऱ्यांना ते सुखाचे वाटत नसत. हेकेखोर, आत्मविश्वासाचा अतिरेक असलेला, दुसऱ्याचे श्रेय सहज विसरणारा गृहस्थ अशीच त्यांची ख्याती होती. १९३७ साली ते ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख म्हणून गेले, तेव्हा लंडनमध्ये अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांच्याकडे आले, तेही या स्वभावामुळेच. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळाचे संपूर्ण नियोजन आपल्या हाती यावे, अशी त्यांची इच्छा होती. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना हा गृहस्थ आपल्या खात्यात नको होता. जून १९४१ मध्ये सामाजिक विम्याच्या विस्कळीत योजनांची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद बेव्हरिज यांना देण्यात आले. आपल्याला बाजूला सारले जात आहे हे ओळखून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. अडगळीत टाकलेल्या माणसाने त्या अडगळीतूनच इतिहास घडवला.

पाच राक्षस आणि एक कार्ड

काम खरे म्हणजे कारकुनी स्वरूपाचे होते. वृद्धांचे निवृत्तिवेतन एका खात्याकडे, आजारपणाचा विमा दुसरीकडे, बेकारी तिसरीकडे, कामावरील अपघात आणखी कोठे, अशी परिस्थिती होती. तिची नीट घडी बसवावी, एवढीच सरकारची अपेक्षा. बेव्हरिज यांनी प्रश्नच पालटला. अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे पाच राक्षस समाजाच्या वाटेत उभे आहेत, सामाजिक विमा हा त्यांपैकी केवळ अभावावरचा उपाय आहे, आणि इतर चौघांशीही लढल्याखेरीज तो पुरा पडणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. सूचना इतक्या दूरगामी निघाल्या की, समितीतील सरकारी अधिकाऱ्यांनी केवळ सल्लागार राहावे आणि अहवालाची जबाबदारी एकट्या अध्यक्षांनी घ्यावी, असे ठरले. एकच सही का, याचे उत्तर हे आहे.

योजनेचा गाभा सोपा होता. प्रत्येकाने एकाच कार्डावर सारखा साप्ताहिक हप्ता भरावा आणि संकटकाळी प्रत्येकाला जगण्यापुरती सारखी रक्कम मिळावी. नवराबायकोला मिळून आठवड्याला चाळीस शिलिंग, एकट्या माणसाला चोवीस, असे आकडे त्यांनी अंदाजले होते. त्याला तीन गोष्टींचा आधार त्यांनी गृहीत धरला : मुलांसाठी भत्ता, सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि व्यापक बेकारी टाळण्याचे सरकारी धोरण. खजिन्यावरील बोजा आटोक्यात राहावा यासाठी केन्स यांनी त्यांना हिशेबात मोलाची मदत केली.

सारखा हप्ता आणि सारखा लाभ यांवर एवढा भर का? याचे उत्तर मंदीच्या वर्षांत आहे. बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात गेली, विम्याची मुदत संपली, तेव्हा १९३१ पासून ऐपतीची चौकशी सुरू झाली. निरीक्षक घरी येई; बचत किती, घरात विकण्याजोगे काय, मुलगा कमावतो का, मुलगी काय आणते, याची विचारपूस करी आणि तेवढ्याने बापाचा भत्ता कापी. कित्येक मुलांनी केवळ बापाचा भत्ता वाचावा म्हणून घर सोडले. त्या चौकशीचा संताप कामगारवर्गाच्या मनात पिढीभर धुमसत राहिला. ज्याने काटकसर केली त्याला शिक्षा आणि ज्याने केली नाही त्याला मदत, असा हा उफराटा न्याय होता. हप्ता भरलेल्याला मात्र कोणी काही विचारू शकत नाही. तो स्वतःचेच मागत असतो. भिक्षा आणि हक्क यांतील हे अंतर बेव्हरिज यांनी प्रशासनाच्या साध्या तपशिलात बसवले, यात त्यांची खरी थोरवी आहे.

अहवालाचे स्वागत लोकांनी केले, सरकारने नव्हे. सैनिकांसाठी काढलेला त्याचा सारांश युद्धखात्याने मागे घेतला. फेब्रुवारी १९४३ मधील चर्चेत सरकारच्या थंड प्रतिसादाविरुद्ध शंभरावर सदस्यांनी मत दिले. बेव्हरिज स्वतः १९४४ साली उदारमतवादी पक्षाचे खासदार झाले, परंतु १९४५ च्या निवडणुकीत पराभूत झाले. योजना अमलात आणली ती ॲटली यांच्या मजूर सरकारने. राष्ट्रीय विमा खात्याचे मंत्री जेम्स ग्रिफिथ्स हे वेल्समधील जुने खाणकामगार आणि आरोग्यमंत्री ॲन्युरिन बेव्हन हेही खाणीतूनच आलेले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय विमा, राष्ट्रीय आरोग्यसेवा आणि राष्ट्रीय साहाय्य या तिन्ही व्यवस्था एकाच दिवशी सुरू झाल्या.

उणिवा

योजनेत दोष नव्हते असे नाही. हप्ता सर्वांना सारखा म्हणजे तो हमालालाही तेवढाच आणि बँकेच्या व्यवस्थापकालाही तेवढाच. साहजिकच कमी वेतनाच्या माणसावर त्याचा भार अधिक पडला. विवाहित स्त्रीला पतीच्या आश्रयाने लाभ मिळावेत, अशी कल्पना होती. गृहिणीच्या विनावेतन श्रमाचे महत्त्व त्यांनी मान्य केले, परंतु तिला स्वतंत्र विमेदार मानले नाही; परित्यक्तेसाठी सुचवलेली तरतूद तर कायद्यात आलीच नाही. घरभाडे गावोगावी निराळे असते, याचे उत्तर सारख्या लाभात सापडले नाही. भाववाढीपुढे प्रत्यक्ष मिळणारी रक्कम जगण्याला अपुरी पडू लागली आणि लक्षावधी वृद्धांना राष्ट्रीय साहाय्याकडे, म्हणजे पुन्हा ऐपतीच्या चौकशीकडेच, वळावे लागले. शत्रू दारातून घालवला तो खिडकीतून परत आला.

स्वतः बेव्हरिज यांना आणखी एक चिंता होती. राज्याने किमान द्यावे, परंतु त्यावर माणसाने आपले काही उभारावे; कामगारांच्या परस्पर साहाय्य मंडळ्या, स्वयंसेवी संस्था यांचा श्वास राज्याने कोंडू नये, असे त्यांनी १९४८ मध्ये स्वयंसेवी कार्यावरील ग्रंथात मांडले. ज्याला लोक कल्याणकारी राज्याचा जनक म्हणत, त्याला ते बिरुद फारसे आवडत नसे. १६ मार्च १९६३ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

आपला हिशेब

या अहवालाचे पडसाद आपल्याकडे तत्काळ उमटले. मार्च १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांच्या १९४४ च्या अहवालावरूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन झाले. पाठोपाठ भविष्यनिर्वाह निधी आला. गिरणीतील, कारखान्यातील कामगाराला कार्ड मिळाले.

परंतु बेव्हरिज यांच्या कार्डाला एक मालक लागतो, एक ठरलेला आठवडा लागतो आणि एक ठरलेला पगार लागतो. आपल्या देशात काम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे नव्वद माणसे असंघटित क्षेत्रात आहेत. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याच्या, बिडी वळणाऱ्या बाईच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणीच्या कार्डावर शिक्का कोणी मारायचा? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या केली. व्याख्येपासून हक्कापर्यंतचे अंतर मात्र फार मोठे असते.

कार्ड नसले की उरतो तो दाखला. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याची आई विधवा आहे, शेतमजुरी करते. निराधारांसाठी असलेले तिचे मासिक अनुदान आणि मुलाची शिष्यवृत्ती ही दोन्ही उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून. एका वर्षी त्या दाखल्यासाठी तिला चार खेपा घालाव्या लागल्या, चारही दिवसांची मजुरी बुडाली. पैशांपेक्षाही तिला लागले ते निराळेच, असे तो मुलगा सांगत होता. आपण गरीब आहोत हे दरवर्षी नव्याने, अनोळखी माणसापुढे सिद्ध करायचे. १९३१ च्या इंग्लंडमधील कामगाराला जे सहन झाले नाही ते हेच होते.

यातून मार्ग नाही असे नाही, आणि तो शोधण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आदर्श होता. ऐपतीची चौकशी नाही; उन्हातान्हात खडी फोडण्याची ज्याची तयारी आहे त्याने काम मागावे आणि राज्याने ते द्यावे, एवढीच अट. येथे कार्ड नव्हते, परंतु हक्क होता. अंमलबजावणीतील गैरप्रकार, रखडलेली मजुरी हे सारे खरे आहे. त्यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही. मात्र ज्याच्या अंगात खडी फोडण्याचे बळ उरलेले नाही त्या वृद्धाला आणि रुग्णाला या हमीचा उपयोग नाही, आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा १९९५ साली दरमहा ७५ रुपये होता, तो २००६ मध्ये २०० रुपये झाला आणि नंतर दीर्घकाळ तेथेच थांबला. भाववाढीने लाभ खाऊन टाकल्यावर काय उरते, हे ब्रिटनच्या अनुभवाने आपल्याला आधीच सांगितले होते.

शेवटी प्रश्न पैशांचा आहे, आणि पैसा कोणी द्यायचा याचा. शिक्षक आणि कारकून वाचकांनी आपले पगारपत्रक एकदा काढून पाहावे. त्यावर व्यवसाय कराची एक लहानशी ओळ असते. १९७५ साली हा कर महाराष्ट्रात बसवला गेला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची, असा नियम होता. म्हणजे ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याने, ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही त्याच्या कार्डावर मारलेला तो शिक्काच होता. ती कपात पाहून आपल्यापैकी बहुतेकांनी कपाळाला आठी घातली असेल; प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. परंतु बेव्हरिज यांच्या तीनशे पानांचे सार तरी यापेक्षा निराळे कोठे आहे? संकट कोणावर येईल हे ठाऊक नसल्यामुळे सर्वांनी मिळून हप्ता भरावा, आणि ज्याच्यावर ते येईल त्याला मान खाली घालावी लागू नये, एवढाच तो हिशेब आहे. तो आपण अजून पुरा केलेला नाही.